बिनकोंबड्याची अंडी

लीलाताईंच्या कोंबड्याचं नाव रिसालदार होतं. त्यांचे यजमान महिपतराव ग्वाल्हेर संस्थानच्या घोडदळात दफेदार होते आणि त्याच्या वर काही चढले नाहीत. तेव्हा घरात एक तरी रिसालदार असावा म्हणून त्यांनी कोंबड्याला ही बढती दिली, असं लीलाताई स्वतःच सांगायच्या. सांगताना हसायच्या. महिपतरावांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मी त्यांचा शेजारी. दौलतगंजाच्या मागच्या गल्लीत आमची दोन घरं पाठीला पाठ लावून होती. दोन्ही परसांमध्ये एक भिंत आणि भिंतीत एक ठेंगणं दार. माझं नाव मधुसूदन पुराणिक. आजोबा दरबारात पुराण सांगायचे, वडील देवस्थानच्या कचेरीत होते आणि मी मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत कारकून. अक्षर उत्तम, पाठीचा कणा मध्यम. लीलाताईंबद्दल लिहावं असं चाळीस वर्षं मनात आहे आणि चाळीस वर्षं मी ते टाळत आलो. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला त्यात उभं राहावं लागतं, आणि मी कुठे उभा होतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

संस्थान विलीन झालं, पुढे फौजेचीही छाटणी झाली. तरुण होते ते हिंदुस्थानच्या सैन्यात गेले, महिपतरावांसारखे उताराला लागलेले घरी आले. दुसऱ्या दिवसापासून करायचं काय, हे त्या माणसाला कळेना. पहाटे चारला उठायची सवय आणि खरारा करायला घोडा नाही. त्यांच्या तुकडीत घोड्यांची निगा राखणारा कान्होजी नावाचा मोतद्दार होता. तो भितरवारकडच्या आपल्या गावी परतला होता. साहेबांची ही दशा त्याच्या कानावर गेली असावी. एके दिवशी तो टोपलीतून असील जातीचा एक तरणा कोंबडा घेऊन आला. तांबूस पिसं, पिवळेजर्द पाय, आणि चाल अशी की गल्ली त्याच्याच बापाची. महिपतराव त्याला रोज तेल लावायचे, पाय तपासायचे, पंख ओल्या फडक्यानं पुसायचे. शेवटच्या आजारात त्यांनी लीलाताईंजवळ एवढंच मागितलं की याचा वंश राहू द्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. कोंबड्याच्या वंशाची काळजी करत मरणारा माणूस म्हणून आमच्याकडे लोक हसले होते, आणि हसणाऱ्यांत मी होतो.

लीलाताईंनी मात्र ते मनावर घेतलं. कोंबड्या त्यांच्याकडे आठ होत्या, साध्या गावठी. मी एकदा शहाणपणानं म्हटलं की अशानं वंश अर्धाच राहणार. त्या म्हणाल्या, "घोड्यातही बापच बघतात."

ही बाई उंचीनं लहान, आवाजानं मोठी आणि हातानं फार हलकी होती. खुराड्यात हात घालून बसलेल्या कोंबडीच्या पोटाखालून अंडं काढायच्या तरी कोंबडीला पत्ता लागायचा नाही. कोणती कोंबडी खुडूक होणार, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसू पाहणार, हे त्यांना तिच्या आवाजावरून दोन दिवस आधी कळे. मग डालग्यात राख, त्यावर गवत, कडेला लोखंडाचा एक तुकडा, कारण वीज कडाडली तर अंडी बिघडतात असं त्यांचं मत. अंडी नेहमी विषम. सातव्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत कंदिलापुढे एकेक अंडं मुठीत धरून बघायच्या. आत लाल धागे दिसले तर ते परत कोंबडीखाली, नाही तर बाजूला. माझ्या नऊ वर्षांच्या सुनंदाला त्यांनी एकदा तो धाग्यांचा जीव दाखवला होता. पोरगी आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हती.

इतकं करूनही रिसालदाराचा वंश काही टिकत नव्हता. महिपतराव गेले त्या वर्षी सात पिल्लं निघाली. पाच मुंगसानं नेली आणि दोन मानमोडीच्या साथीत गेली. दुसऱ्या वर्षी अंडी बसवायला उन्हाळा उजाडला आणि ग्वाल्हेरच्या उन्हानं ती आतल्या आत शिजवली. रिसालदार आता सहा वर्षांचा होत आला होता. "यंदा दसरा झाला की बसवते," लीलाताई सांगायच्या. "थंडी पडली की पिल्लू मरत नाही." छप्पन साल होतं ते.

त्याच वर्षी ज्येष्ठात सुनंदाला टायफॉइड झाला. ताप उतरला पण पोरगी हाडांचा सापळा होऊन उठली. चार पावलं चालली की भिंतीला धरायची. इंदरगंजच्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, "पुराणिक, धर्म तुमचा तुम्ही बघा, मी औषध सांगतो. रोज एक अंडं."

अंडी बाजारात मिळत होती. पाटणकर बाजाराच्या पलीकडे जाऊन कोणीही चार अंडी आणू शकत होता. पण पुराणिकाचा नातू अंडी घेताना दिसला तर काय, या विचारानं मी त्या रस्त्यालाच गेलो नाही. शिवाय माझी आणखी एक अडचण होती आणि ती मी तेव्हा मोठी तात्त्विक समजत होतो. कुठेतरी वाचलं होतं की कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यात जीव नसतो. म्हणजे अशी अंडी मिळाली तर हत्येचं पाप नाही. मी एका संध्याकाळी त्या ठेंगण्या दारातून वाकून गेलो आणि लीलाताईंना हे सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे बिनबापाचं अंडं पाहिजे तुम्हाला."

"तसंच काही नाही, पण..."

"समजलं मला. दोन कोंबड्या वेगळ्या कोंडते. पण तीन आठवडे थांबावं लागेल."

"तीन आठवडे कशाला? आजपासून कोंबडा वेगळा केला की झालं."

"थांबा म्हटलं ना, मधुभाऊ. तुमचं काम पक्कं करून देते."

मला वाटलं बाई उगाच अडवतायत. त्यांनी जुन्या खोक्याची फळकुटं ठोकून वेगळं खुराडं केलं, दोन कोंबड्या त्यात घातल्या आणि तीन आठवडे उलटल्यावरच पहिलं अंडं पाठवलं. रिसालदाराच्या आठ बायकांतल्या दोन अशा माझ्या धर्मासाठी कमी झाल्या. ते अंडं गव्हाच्या तपेलीत पुरून यायचं, वर दोन मुठी गहू. माझी बायको वनमाला मागच्या पडवीत रॉकेलच्या स्टोव्हवर वेगळ्या ॲल्युमिनियमच्या वाटीत ते उकडायची आणि शेजारी उदबत्ती लावायची. टरफलं मी कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात घालून कचेरीला जायचो आणि वाटेत इंदरगंजच्या नाल्यात टाकायचो. सुनंदा नाक मुरडायची. "बाबा, मुझे नहीं खाना, बू येते." पण खायची. भाद्रपदापर्यंत तिच्या गालांवर थोडं मांस आलं, आणि लीलाताईंचा निरोप आला की आता पोरीला भिंत सोडून चालताना बघितलं.

आता पांडुरंगरावांचं सांगायला हवं. ते आमच्या कचेरीतले अधीक्षक, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं राहायचे. नोव्हेंबरात नवं राज्य होणार आणि सगळ्या कचेऱ्या भोपाळला जाणार, हे ठरलं होतं. आमच्यातले कोण जाणार आणि कोण ग्वाल्हेरातच मागे राहणार, त्या यादीचं काम पांडुरंगरावांकडे. कचेरीत त्या दिवसांत सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असायचा. माझ्या चेहऱ्यावर जरा जास्तच, कारण अशी आजारी पोर घेऊन अनोळखी गावात कुठे जायचं, कोणत्या डॉक्टरकडे धावायचं, या विचारानं मला झोप लागत नव्हती.

झोप पांडुरंगरावांनाही लागत नव्हती, पण ती रिसालदारामुळे. तो पहाटे चारच्या ठोक्याला आरवायचा. महिपतरावांनी लावलेली सवय. पांडुरंगरावांनी मला कचेरीत बोलावून सांगितलं की त्या बाईला समजवा. मी समजावलं. लीलाताईंनी त्याच दिवशी एक ठेंगणी लाकडी पेटी आणली आणि रात्री रिसालदाराला तिच्यात ठेवू लागल्या. कोंबड्याला आरवायला मान ताणून वर करावी लागते. वर फळी लागली की आवाज निघत नाही. मी ती पेटी बघितली. एवढा तोऱ्याचा पक्षी आत मान घालून बसला होता. लीलाताई म्हणाल्या, "यांनी बघितलं असतं तर मला घरात घेतलं नसतं." पण उपाय लागू पडला. पुढचे बारा दिवस पहाटे गल्लीत चिटपाखरू ओरडलं नाही.

तेराव्या दिवशी दुपारी रिसालदार आपल्या वेळेला आरवला, जसे सगळे कोंबडे आरवतात. रविवार होता आणि पांडुरंगराव वामकुक्षी घेत होते.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पुराणिक, आरोग्य खात्याला एक अर्ज लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे. गल्लीतल्या पाच-सहा जणांच्या सह्या घ्या." मी म्हणालो की पहाटेचा त्रास आता बंद झालाय. ते हातातला कागद बाजूला ठेवून म्हणाले, "तुमचं नाव मी अजून कुठेच लिहिलेलं नाही." त्यांनी एवढंच म्हटलं. धमकी होती का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की होती. आज वाटतं, त्यांनी नुसती एक गोष्ट सांगितली आणि तिची धमकी मी केली, कारण धमकी असली की माणसाला वाकायला सोपं जातं.

अर्ज मी त्याच संध्याकाळी घरी बसून लिहिला. हिंदीत, ठसठशीत अक्षरात. निद्राभंग लिहिला, दुर्गंध लिहिला, सभ्य आणि धर्मपरायण वस्तीत पक्ष्यांचा असा उच्छाद सार्वजनिक आरोग्याला कसा घातक आहे तेही लिहिलं. मी धर्मपरायण शब्द लिहीत होतो तेव्हा मागच्या पडवीत अंडं उकडत होतं. वनमालेनं येऊन खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "हे तुम्ही लीलाताईंविरुद्ध लिहून राहिलात?" मी म्हटलं, भोपाळला जायचंय का तुला? ती आत निघून गेली. पहिली सही माझी, कारण लिहिणाऱ्यानं आधी करायची असते. आणि कारकून असल्यामुळे मला ठाऊक होतं की असल्या अर्जाच्या दोन प्रती द्याव्या लागतात, एक कचेरीला राहते आणि एक समोरच्या माणसाला जाते. दुसरी प्रतही मीच लिहिली. तितक्याच काळजीनं.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी लीलाताईंना नोटीस आली. त्यांना अक्षरओळख होती, सरकारी भाषा मात्र त्यांना झेपत नव्हती. महिपतरावांच्या मागे पेन्शनीचे सगळे अर्ज मीच त्यांना लिहून दिले होते. तेव्हा त्या कागद घेऊन कोणाकडे येणार? त्या दारातून वाकून आत आल्या आणि म्हणाल्या, "मधुभाऊ, जरा बघता का हे? काय लिहून आलंय?"

नोटिशीला माझी दुसरी प्रत टाचलेली होती. मी नोटीस वाचून दाखवली. आठ दिवसांत कोंबडा वस्तीतून हलवावा, नाही तर जप्त होईल. टाचलेला कागद मी उलटून मांडीखाली दाबला.

"अर्ज कोणी केला?"

"मोहल्ल्यातल्या लोकांनी मिळून."

"याला उत्तर देता येतं का? तुम्ही लिहून द्याल?"

मी म्हणालो, "देता येतं, पण उपयोग होत नाही."

हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जितकं मला कळत होतं तितकं त्या गल्लीत दुसऱ्या कोणालाही कळलं नसतं. त्या महिन्यात सगळ्या कचेऱ्या भोपाळच्या पेट्या भरण्यात गुंतल्या होत्या. मी दोन ओळींचं उत्तर लिहून दिलं असतं तर ते प्रकरण एखाद्या गठ्ठ्यात बांधलं गेलं असतं आणि वर्षभर कोणी कोंबड्याचं नाव काढलं नसतं. मला फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या.

लीलाताईंनी हात पुढे केला. मला मांडीखालचा कागदही द्यावा लागला. त्यांनी तो उलटला आणि जरा दूर धरून बघितला. त्यांच्या पेटीत माझ्या हातचे सात-आठ अर्ज होते. "अक्षर सुरेख आहे," त्या म्हणाल्या, कागद घडी करून कमरेला खोचला आणि वाकून दारातून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाची तपेली नेहमीसारखी आली, आत अंडं होतं. मी वनमालेला म्हटलं, परत पाठव. ती म्हणाली, "तुम्ही परत पाठवा. पोरीला मी खायला घालते."

कान्होजी येऊन रिसालदाराला घेऊन गेला. लीलाताई गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेल्या. पाचव्या दिवशी कान्होजी पुन्हा आला. भिंतीपलीकडून त्याचं हुंदके देऊन बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. मागाहून वनमालेला कळलं की नव्या जागी कोंबड्यानं दाण्याला चोच लावली नाही आणि चौथ्या दिवशी मेला. तिनं मला हे जेवताना सांगितलं. मी जेवलो.

त्यानंतर आठवड्यानं सुनंदाला पुन्हा ताप भरला. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, घाबरू नका, पण अंडी थांबवू नका, आता तर दोन द्या. आणि नेमकी तीन दिवस तपेली आली नव्हती. आमच्या वेगळ्या खुराड्यातल्या दोन कोंबड्यांपैकी एक पिसं झाडत होती, म्हणजे तिची अंडी बंद, आणि दुसरी खुडूक झाली होती; बाकीच्याही पिसं झाडायला लागल्या होत्या. मी वनमालेला म्हटलं, तू जाऊन विचार. तिनं पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि म्हणाली, "मी नाही जाणार. कोणतं तोंड घेऊन जाऊ? अर्ज तुमच्या हातचा आहे, मागायला तुम्हीच जा."

मी गेलो. दिवेलागणीची वेळ होती. लीलाताई परसात उकिडव्या बसून डालग्यात राख पसरत होत्या. ती खुडूक कोंबडी शेजारी अंग फुगवून घुटमळत होती.

"सुनंदाला परत ताप आला," मी म्हणालो.

"माहीत आहे. रडणं येतं ऐकू."

"डॉक्टर म्हणतात..."

लीलाताईंनी राखेचा हात झटकला आणि बराच वेळ त्या डालग्याकडे बघत बसल्या. मग उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात कोंड्यानं भरलेलं मडकं होतं. कोंड्यात नऊ अंडी होती, सगळी एकसारखी, निवडलेली, आणि प्रत्येकावर कोळशाची एक बारीक रेघ.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आता कोंबडा नाहीच आहे. तुमच्या कामाची आहेत."

आणि मी काय विचारलं? ज्या बाईचा कोंबडा मी घालवला, तिच्या दारात भीक मागायला उभा राहून मी विचारलं, "म्हणजे, नक्की ना? जीव वगैरे..."

लीलाताईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "पोरगी वाट बघत असेल, मधुभाऊ," त्या म्हणाल्या.

वनमालेनं रेघा बघून विचारलं की या कशाच्या. मी म्हटलं, मोजायला मारल्या असतील. पाच दिवसांत नऊ अंडी संपली. सहाव्या दिवशी सुनंदानं आपण होऊन वरण-भात मागितला.

दिवाळीच्या सुमाराला नवं राज्य झालं. पांडुरंगराव बाडबिस्तरा बांधून भोपाळला गेले. त्यांनी रिसालदाराशिवाय या गल्लीत जेमतेम तीन आठवडे झोप घेतली. माझं नाव यादीत नव्हतं. मी ग्वाल्हेरातच राहिलो, त्याच घरात, त्याच भिंतीला लागून. लीलाताई पुढे अकरा वर्षं जगल्या. कोंबडा त्यांनी पुन्हा पाळला नाही. कोंबड्याही हळूहळू कमी केल्या. सुनंदाच्या लग्नात तिला स्वतःच्या हातानं शिवलेली परकर-चोळी दिली, माझ्याशी सणासुदीला बोलल्या, पेन्शनीचा एखादा कागद असला तर आधीसारख्याच घेऊन आल्या. त्यांनी मला कधी काही ऐकवलं नाही, आणि शेजारधर्म म्हणून मीही कधी काही काढलं नाही. शेजारधर्म हा माझा शब्द आहे. खरा शब्द भित्रेपणा.

एक दिवस मात्र मी मुद्दाम मागे ठेवला आहे. तो त्याच वर्षीचा, तुळशीच्या लग्नाच्या आसपासचा. सांगायचा तर आत्ताच सांगितला पाहिजे.

सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या दारात कान्होजी उभा राहिला. लीलाताई पाटणकर बाजारात गेल्या होत्या, घराला कुलूप होतं, म्हणून तो शेजारी टेकायला आला. हातात फडक्यात बांधलेली तांदळाची कणी होती. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसला.

"किती निघाली, साहेब?"

"काय किती?"

"पिल्लं. काल-परवा एकवीस दिवस भरले असतील. ही कणी त्यांच्यासाठीच आणली. नर कोणता ते कळायला अजून दीड महिना जाईल, मी नुसता बघायला आलो."

मी म्हटलं, "अरे, पण कोंबडा तर केव्हाच गेला."

मी शिकलेला माणूस, माझं अज्ञान बघून त्याला गंमत वाटली. "कोंबडा गेला म्हणून काय झालं? कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दहा-बारा दिवस राहतं. रिसालदार मेला त्याचं सांगायला मी आलो होतो ना, तेव्हाच वहिनीसाहेबांनी मला दाखवलं. तो गेल्यापासूनची अंडी निवडून ठेवत होत्या, कोळशाची रेघ मारून. नऊ झाली की बसवते म्हणाल्या. रडत होत्या, पण म्हणाल्या, कान्होजी, यांचा शब्द राहतोय बघ."

तीन आठवडे थांबा, असं त्या आषाढात का म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. त्यांनी तेव्हा माझं सोवळं जपलं होतं. आणि त्या दिवेलागणीला, मी "नक्की ना" विचारत उभा होतो तेव्हा, त्यांनी मला काय उचलून दिलं होतं तेही कळलं. नऊच्या नऊ आम्ही उकडून खाल्ली होती, शेजारी उदबत्ती लावून.

तेवढ्यात लीलाताई आल्या. पिशवी खाली ठेवली, आधी कान्होजीकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या कणीकडे, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार.

"वहिनीसाहेब, किती निघाली?"

"एकही नाही रे," त्या म्हणाल्या. "सगळी गंदी निघाली."

"नऊच्या नऊ?" कान्होजीला ते पटेना. "असं कसं होईल? आमचे साहेब तर म्हणायचे, याचं एक अंडं फुकट जाणार नाही. छाती ठोकून म्हणायचे."

"म्हणायचे खरे. पण म्हातारा झाला होता तो. शेवटी शेवटी त्याच्यात काही राहिलं नव्हतं."

हे बोलताना त्यांचा आवाज हलला नाही. नवऱ्याचा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं खोटा पाडला, त्याच्या माघारी, त्याच्याच माणसासमोर, आणि तेही माझ्यासाठी. माझ्या घरात काय शिजलं हे बाहेर पडू नये म्हणून. मी एक वाक्य बोललो असतो तर रिसालदाराची आणि महिपतरावांची दोघांची अब्रू राहिली असती. आत सुनंदा खणखणीत आवाजात पाढे म्हणत होती.

कान्होजीनं ते फडकं या हातातून त्या हातात घेतलं आणि माझ्याकडे वळला. मी ब्राह्मण, सरकारी नोकर. मी म्हणेन ते तो खरं धरणार होता.

"साहेब, तुम्ही तर रोज बघायचा त्याला. खरंच इतका थकला होता?"

"हो," मी म्हणालो. "म्हातारा झाला होता."